कंपोझिट ब्लेड कसं निवडायचं: फायबरच्या नावाआधी त्याची जागा पाहा

टेबल टेनिसच्या बॅटचा रबराखालचा लाकडी भाग म्हणजे ब्लेड, आणि लाकडाच्या थरांमध्ये फायबरचे थर घातलेलं ब्लेड म्हणजे कंपोझिट. पण कंपोझिट ब्लेडमध्येही मुख्य काम लाकूडच करतं. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. लाकडाचे थर चिकटवताना मध्ये जो गोंदाचा थर येतो, त्याला कार्बन फायबर, ग्लास फायबर किंवा दाबलेल्या कागदाची जोड देता येते. पण असा एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. ५.८ मिलिमीटर जाडीच्या ब्लेडचे ७.५ टक्के काढले तर ०.४३५ येतात, म्हणजे प्रत्यक्षात ०.३५ चीच मर्यादा लागते. जेमतेम नखाच्या जाडीचा थर.

एवढ्याशा थराने ब्लेडचा स्वभाव बदलतो हे खरं. पण तो कसा बदलेल, हे फायबरच्या नावावरून कमी आणि तो थर कुठे बसवलाय यावरून जास्त कळतं. नवे खेळाडू बहुधा उलट्या क्रमाने जातात. आधी 'कार्बन', 'झायलॉन' असली नावं पाहतात, मग आवडत्या खेळाडूचं नाव, आणि थरांची रचना पाहायची राहूनच जाते. पुढच्या पायऱ्या हा क्रम सुलटा करण्यासाठी आहेत.

पायरी १: आत्ता कंपोझिट हवंय का, ते ठरवा

स्वतःच्या खेळाकडे पाहून तीन प्रश्न विचारा. समोरच्याने बॅकस्पिनचा पुश (चेंडू खालून कापत दिलेला, उलट्या फिरकीचा हळू परतावा) दिला तर त्यावर सलग आठ-दहा लूप (चेंडू घासून पुढची फिरकी देणारे फटके) टेबलावर बसतात का? आखूड सर्व्हिसवर चेंडू खाली आणि आखूड ठेवता येतो का? आणि टेबलापासून दोन-तीन पावलं मागे गेल्यावर, तंत्र बरोबर असूनही, चेंडूत जोर कमी पडतो का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर कंपोझिटचा विचार करायला हरकत नाही. पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर थांबा.

थांबा म्हणण्यामागे कारण आहे. ब्लेड जितकं ताठ, तितका चेंडू बॅटवरून लवकर सुटतो आणि त्याची कमान सपाट होते. बॅकस्पिनवर लूप मारताना चेंडूला वर उचलणारी कमान लागते. ती मिळाली नाही की चेंडू जाळ्यात जातो. मग शिकणारा नकळत बॅटचा कोन उघडतो, हाताने चेंडू उचलायला लागतो, पाय आणि कंबर वापरणं सोडून देतो. ब्लेड नंतर बदलता येतं, पण अशी बसलेली सवय मोडायला फार काळ जातो.

या टप्प्यावर पाच थरांचं पूर्ण लाकडी ब्लेड सर्वांत चांगलं. स्टिगा ऑलराउंड क्लासिक, यासाका स्वीडन एक्स्ट्रा, बटरफ्लाय कोर्बेल किंवा प्रिमोरॅक, निट्टाकू अकूस्टिक ही सगळी याच जातीची आणि अनेक वर्षं टिकून राहिलेली नावं आहेत. आणखी वेग हवा असेल पण फायबर नको असेल, तर स्टिगा क्लिपरसारखं सात थरांचं लाकडी ब्लेडही असतं. आठवड्यातून एक-दोनदा खेळणाऱ्याने चांगल्या लाकडी ब्लेडवर वर्षानुवर्षं खेळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं काहीही अडणार नाही.

पायरी २: फायबर आत आहे की बाहेर, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बहुतेक कंपोझिट ब्लेड ५+२ रचनेची असतात, म्हणजे पाच लाकडाचे थर आणि दोन फायबरचे. मधोमध जाड, हलक्या लाकडाचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मधला थर आणि सर्वांत बाहेर पातळ पृष्ठथर. फायबर बसवायला दोन जागा उरतात. पृष्ठथराच्या लगेच खाली बसवलं तर त्याला बाहेरचं फायबर म्हणतात, गाभ्याला चिकटून बसवलं तर आतलं.

बॅटवर चेंडू आदळतो तेव्हा आधी रबर आणि त्याखालचा स्पंज दबतात. हलक्या फटक्यात गोष्ट तिथेच संपते, लाकडापर्यंत फारसं काही पोहोचत नाही. फटका जोरदार झाला की स्पंज पूर्ण दबतो आणि ब्लेड स्वतः वाकतं. बाहेरचं फायबर असलेल्या ब्लेडमध्ये हा ताठ थर अगदी वरच असतो. त्यामुळे मध्यम जोराच्या ब्लॉकलाही (नुसती बॅट धरून चेंडू परतवण्यालाही) तो उत्तर देतो आणि चेंडू चटकन निघतो. आतल्या फायबरच्या ब्लेडमध्ये वर दोन लाकडी थर असतात. पुश, आखूड टच, हळू लूप यांत ते बरंचसं लाकडासारखं वागतं आणि पूर्ण जोर लावल्यावर फायबरचा वेग देतं.

यामागचं गणित सोपं आहे. एखाद्या फळीचा ताठपणा वाढवण्यात एका थराचा वाटा, तो थर फळीच्या मध्यापासून जितका दूर त्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समजा एका ब्लेडमध्ये फायबर मध्यापासून १.५ मिलिमीटरवर आहे आणि दुसऱ्यात २.३ मिलिमीटरवर. फायबर तेच, जाडी तीच, तरी दुसऱ्या ब्लेडमध्ये त्याचा वाटा दुपटीहून जास्त. म्हणूनच एकाच कंपनीची, एकाच फायबरची दोन ब्लेड हातात इतकी वेगळी लागतात.

उदाहरणं घेऊ. बटरफ्लायचं व्हिस्कारिया १९९३ पासून चालत आलंय आणि बाहेरच्या फायबरचं ते आजही मापदंड मानलं जातं. वर कोटो नावाचं लाकूड, त्याखाली अ‍ॅरिलेट-कार्बन, मग लिंबा नावाचं लाकूड आणि मधे किरी या हलक्या लाकडाचा गाभा. त्याच कंपनीच्या इनरफोर्स लेयर एएलसीमध्ये फायबर तेच, पण ते गाभ्यालगत सरकवलंय आणि पृष्ठथर लिंबाचा आहे. चिनी खेळाडू मा लाँगच्या नावाने ओळखलं जाणारं डीएचएसचं हरिकेन लाँग ५ हेही आतल्या फायबरचं, लिंबाच्या पृष्ठथराचं.

दुकानात असाल तर ब्लेडची कड उजेडात धरून पाहा. फायबरची गडद किंवा रंगीत रेघ दिसते. तिच्या बाहेरच्या बाजूला एकच लाकडी थर असेल तर फायबर बाहेरचं, दोन असतील तर आतलं. ऑनलाइन घेत असाल तर कंपनीच्या पानावर थरांची आकृती शोधा. ती सापडत नसेल तर ते ब्लेड पहिल्या खरेदीसाठी सोडून द्या.

पहिलं कंपोझिट आतल्या फायबरचंच घ्यावं, असं मी जवळजवळ प्रत्येकाला सांगतो. लाकडी ब्लेडवरून येणाऱ्या हाताला त्यात ओळखीची जाणीव मिळते आणि आखूड खेळ बिघडत नाही. अपवाद आहे तो टेबलाला चिकटून ब्लॉक आणि काउंटरवर खेळणाऱ्यांचा. समोरच्याचा वेग परत करणं हाच ज्यांचा खेळ, त्यांना बाहेरचं फायबर लवकर मानवतं.

पायरी ३: पृष्ठथराचं लाकूड वाचा

कोटो कडक असतं. चेंडू स्वच्छ, झटपट सुटतो. लिंबा त्याहून मऊ आहे, चेंडू थोडा रेंगाळल्यासारखा वाटतो आणि लूपला कमान जास्त मिळते. हिनोकी हे सायप्रसच्या जातीचं जपानी लाकूड. ते मऊ असलं तरी उसळी भरपूर देतं, आणि त्याखाली कार्बन आला की वेग खूप वाढतो. बटरफ्लायचं प्रिमोरॅक कार्बन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. पायरी १ मधल्या लाकडी प्रिमोरॅकशी नाव जुळतं म्हणून ते मागवू नका, दोन्हींच्या वेगात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

गाभा बहुधा किरी किंवा आयूसचा असतो. किरी हलकं, आयूस जरा भरीव. नवख्या हाताला हा फरक वजनातून जास्त कळतो, म्हणून त्यात फार अडकू नका.

पायरी ४: आता फायबरचं नाव

शुद्ध कार्बन ताठ असतो आणि हाताला कंप कमी पोहोचवतो. अ‍ॅरिलेट कंप शोषून घेतं. ते कार्बनबरोबर विणलं की वेग राहतो आणि कोरडेपणा जातो. बटरफ्लाय या मिश्रणाला एएलसी म्हणते, इतर कंपन्या आपापली नावं देतात. झायलॉन आणि कार्बनचं मिश्रण, म्हणजे झेडएलसी, त्याहून उसळीचं. नव्या खेळाडूने त्याच्या वाटेला सध्या जाऊ नये. अ‍ॅरामिड, ग्लास, बसाल्ट यांचे थर तुलनेने सौम्य असतात. स्टिगाच्या कार्बोनाडो मालिकेत नावातले शेवटचे दोन आकडे, ४५ किंवा ९०, कार्बनच्या धाग्यांचा कोन सांगतात.

फायबरचा एक गुण मात्र सगळ्यांच्या कामाचा आहे. चेंडू ब्लेडच्या अगदी मधोमध लागला नाही तरी जोर फारसा घटत नाही. स्पर्धेत घाईत मारलेल्या फटक्यांना याची खरी मदत होते. आणि फायबर म्हणजे फक्त आक्रमण, असंही नाही. चॉप करणाऱ्या, म्हणजे टेबलामागून चेंडू खालून कापत परतवणाऱ्या बचावपटूंसाठी बटरफ्लायचं इनरशील्ड लेयर झेडएलएफ हे झायलॉनचा थर असलेलं ब्लेड आहे.

पायरी ५: जाडी, वजन आणि हँडल

जाडीतला छोटा फरक छोटा समजू नका. तेच साहित्य असेल तर ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ५.८ वरून ६.४ मिलिमीटरवर गेलात तर ताठपणा सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणून दोन ब्लेडची तुलना करताना फायबरच्या शेजारीच जाडीही लिहून ठेवा.

वजनाचा आकडा आणखी महत्त्वाचा. बरीच आक्रमक ब्लेड ८० ते ९५ ग्रॅममध्ये असतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. लाकूड नैसर्गिक असल्यामुळे हे होणारच. त्यावर दोन्ही रबरं चढली की पूर्ण बॅट साधारण १७० ते १९५ ग्रॅमपर्यंत जाते. हलक्या मनगटाच्या किंवा वयाने लहान खेळाडूने ८५ ग्रॅमच्या आसपासचं ब्लेड मागावं. चांगला विक्रेता नेमकं वजन करून सांगतो, तेव्हा मागायला संकोच करू नका. पूर्ण बॅट नुसत्या हवेत दहा-वीस वेळा फोरहँडसारखी फिरवून पाहा. पुढचं टोक जड वाटलं तर बॅकहँडकडून फोरहँडकडे येताना उशीर होणार, हे धरून चाला.

नगानगांतल्या फरकाचा विषय निघालाच आहे तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची आठवण देतो. मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकल्यावर चीनच्या वांग चुचिनची बॅट एका छायाचित्रकाराच्या पायाखाली येऊन तुटली. दुसऱ्या दिवशी एकेरीत त्याला राखीव बॅट घेऊन उतरावं लागलं आणि तो स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून ४-२ असा हरला. हार बॅटमुळेच झाली असं म्हणता येणार नाही. पण अव्वल खेळाडू आपला नग इतका जपतात, त्यामागे हाताला बसलेली नेमकी जाणीव असते. मोरेगार्डचं ब्लेड स्टिगाचं षटकोनी आकाराचं, सायबरशेप. नियमात ब्लेडच्या आकारावर आणि वजनावर बंधन नाही, ते सपाट आणि ताठ असलं की झालं. तरी पहिल्यांदा घेताना नेहमीचा, साधारण १५७ बाय १५० मिलिमीटरचा गोलसर आकारच बरा. तुलना सोपी जाते.

हँडल हाताने ठरवा. फ्लेअर्ड खाली रुंद होत जातं आणि हातातून निसटत नाही. स्ट्रेट सरळ असतं, सर्व्हिस करताना पकड बदलणाऱ्यांना सोयीचं. अ‍ॅनाटॉमिक तळहातात भरतं, पण ते सगळ्यांना मानवत नाही.

पायरी ६: कंपनीच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा

डेफ, ऑल, ऑफ मायनस, ऑफ, ऑफ प्लस हे बचावाकडून आक्रमणाकडे चढत जाणाऱ्या वेगाचे शिक्के सगळीकडे दिसतात. त्यांना कुठलंही समान मोजमाप नाही. एका कंपनीचं ऑफ मायनस दुसऱ्या कंपनीच्या ऑफपेक्षा वेगवान निघू शकतं. बटरफ्लाय प्रत्येक ब्लेडला उसळी आणि कंप असे दोन आकडे देते. त्यांच्याच दोन ब्लेडमध्ये तुलना करायला ते उपयोगी पडतात, दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांशेजारी ठेवायला नाही.

त्यापेक्षा कानाचा उपयोग करा. रबर न लावलेलं ब्लेड हँडलकडून सैल धरा आणि मधोमध चेंडू आपटा. आवाज जितका टिपेचा, तितकं ब्लेड ताठ आणि बहुधा वेगवान. आवाजाची वारंवारता मोजणारं फोनवरचं अ‍ॅप वापरलंत तर आकडा मिळतो. दोन्ही ब्लेड एकाच खोलीत, एकाच पद्धतीने तपासा. एकाच मॉडेलच्या दोन नगांतून निवडतानाही ही चाचणी छान कामाला येते.

पायरी ७: दोन ब्लेड शेजारी ठेवून खरी तुलना

इथे सर्वांत मोठी चूक होते ती रबराची. नव्या ब्लेडवर नवं रबर आणि जुन्यावर सहा महिने घासलेलं, अशी तुलना केली की नवं ब्लेड जिंकणारच. दोन्हींवर तेच रबर, तीच स्पंजची जाडी आणि साधारण तेवढंच वापरलेलं हवं. दुसरी जोडी नसेल तर जुनी रबरं काढून नव्या ब्लेडवर चढवा. पाण्यावर आधारित गोंद वापरलेला असेल तर हे सहज जमतं.

रबराच्या कडकपणाचे आकडेही कंपनीगणिक वेगळे असतात. डीएचएसचं हरिकेन ३ हे ३९, ४०, ४१ अंशांत मिळतं आणि बटरफ्लायच्या टेनर्जी ०५ वर ३६ लिहिलेलं असतं, पण दोन मापपट्ट्या वेगळ्या आहेत, त्यामुळे हे आकडे एकमेकांतून वजा करू नका. कडक, चिकट पृष्ठभागाचं रबर आतल्या फायबरबरोबर चांगलं चालतं, कारण जोरदार फटक्यात ब्लेड साथ देतं आणि हलक्या फटक्यात चेंडू हातात राहतो. बाहेरच्या फायबरवर पहिल्यांदा जाताना स्पंज मध्यम कडकपणाचा ठेवा आणि जाडी कमाल मापाहून एक पायरी कमी. गोंद धरून रबराची एकूण जाडी ४ मिलिमीटरच्या आत असावी लागते, हेही लक्षात असू द्या.

सोबत्याला सांगून दोन्ही हँडलवर सारखी टेप गुंडाळून घ्या, म्हणजे नाव दिसणार नाही. नाव दिसलं की हात त्या नावासारखा खेळायला लागतो. ब्लेडचा रंग ओळखू येईल, तरी फरक पडतो.

मग हळू फटक्यांपासून सुरुवात करा. ताठ ब्लेडवर स्मॅश मारला की तो कोणालाही आवडतो, त्यावरून काहीच ठरत नाही. आधी आखूड सर्व्हिसवर आखूड परतावे: तीस चेंडूंपैकी किती चेंडू समोरच्या टेबलावर दोनदा टप्पा घेतील असे पडले, ते मोजा. मग स्वतःच्या आखूड सर्व्हिस. नंतर समोरून लूप येत असताना नुसती बॅट धरून ब्लॉक. किती चेंडू टेबलाबाहेर लांब गेले ते लिहा. त्यानंतर बॅकस्पिनवर लूप, यात जाळ्यात गेलेले आणि लांब गेलेले वेगळे मोजा. जाळ्यात जास्त जात असतील तर कमान कमी पडतेय. लांब जास्त जात असतील तर वेग आवरत नाहीये. शेवटी टेबलापासून मागे जाऊन काउंटर लूप, म्हणजे समोरच्याच्या लूपला लूपनेच उत्तर, कारण फायबरचा खरा फायदा तिथे दिसतो.

हे सगळं एका दिवसात उरकू नका. पहिल्या दिवशी नवेपणाचा उत्साह असतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात खरं सांगायला लागतो. तालमीनंतर प्रत्येक ब्लेडने गुण मोजून निदान दोन-तीन सामने खेळा, शक्यतो तुमच्याशी बरोबरीने खेळणाऱ्या व्यक्तीबरोबर. ९-९ असताना आखूड परतावा देताना हात आखडतोय की मोकळा आहे, ही नोंद आकड्यांइतकीच महत्त्वाची. मागून वेग थोडा वाढला पण टेबलाजवळ दर गेममध्ये दोन गुण जास्त जात असतील, तर ते ब्लेड परत करा. नवोदितांच्या सामन्यात बहुतेक गुण पहिल्या चार फटक्यांतच संपतात.

पायरी ८: खरेदी आणि पहिली काळजी

नावाजलेल्या कंपोझिट ब्लेडच्या नकला भरपूर फिरतात, व्हिस्कारियाच्या तर विशेष. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. वापरलेलं ब्लेड घेताना पृष्ठथराचे उचकटलेले धागे, कडेला थर सुटल्याची रेघ आणि हँडलच्या मुळाशी तडा पाहा. बोटाने ठकठक केल्यावर एखाद्या जागी आवाज बसका आला तर तिथे थर सुटलेला असण्याची शक्यता आहे. रबरं मंजूर यादीतली असावी लागतात. ब्लेडसाठी तशी यादी नसली तरी रचना नियमात बसायलाच हवी.

पहिल्यांदा रबर चिकटवण्याआधी ब्लेडला पातळ वार्निशचा एकच हात द्या, विशेषतः लिंबा किंवा हिनोकीचा पृष्ठथर असेल तर. जाड हात दिला की पृष्ठथर कडक होतो आणि ज्या जाणिवेसाठी ते लाकूड निवडलं तीच हरवते. कडेला टेप लावा, टेबलावर आपटून निघणारे टवके वाचतात. रबर बदलताना हँडलजवळच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करा आणि लाकडाच्या रेषांना तिरकं, सावकाश ओढत जा. रेषांना आडवं किंवा झटक्याने ओढलं तर पातळ पृष्ठथराचे धागे रबराबरोबर निघून येतात. बाहेरच्या फायबरच्या ब्लेडमध्ये त्या थराखाली थेट फायबरच असतं.